संकटातल्या जहाजाला ‘हो’ कोण म्हणणार?

माननीय नौवहन महासंचालक, मुंबई
आणि
माननीय उपाध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी, गुजरात मेरीटाईम बोर्ड, गांधीनगर
यांस,

स. न. वि. वि.

तुम्हा दोघांना एकाच पत्रात लिहितो आहे, कारण माझा प्रश्न तुम्हा दोघांच्या मधल्या जागेत पडून राहिलेला आहे. जहाजाला आग लागली, पाणी शिरले किंवा इंजिन बंद पडून ते किनाऱ्याकडे वाहत निघाले, की तटरक्षक दल धावते, नौदल माणसे उचलते, टग म्हणजे ओढणाऱ्या बोटी दोर टाकतात. हे सगळे आपल्याकडे होते आणि चांगले होते. त्यानंतर प्रश्न उरतो तो त्या जहाजाला कुठल्या आडोशाच्या पाण्यात घ्यायचे हा. गुजरातपुरते बोलायचे तर कांडला केंद्राकडे; हजीरा, दहेज, मुंद्रा, पिपावाव ही बंदरे मेरीटाईम बोर्डाच्या अखत्यारीत, आणि त्यांतली बरीचशी खासगी कंपन्या चालवतात. जहाजाचा कप्तान समजा रात्री दोन वाजता विचारतो आहे, ‘मला आत घेता का?’ त्याला ‘हो’ म्हणण्याचा अधिकार नेमका कोणाला आहे? ‘नाही’ म्हणायला मात्र प्रत्येक जण मोकळा आहे.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. उमेदीची सगळी वर्षे जहाजांच्या इंजिन रूममध्ये गेली आणि चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो. बडोद्याच्या माणसाला समुद्राची काळजी कशाला, असे आमच्याच लोकांकडून ऐकावे लागते. त्यांना मी सांगतो, की ओखा बंदर आपल्या बडोदे संस्थानाने उभे केले, सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत. राजधानीपासून इतक्या लांब, द्वारकेच्या टोकाला, पण संस्थानाचे पाऊल समुद्राशी असावे ही दृष्टी होती. आणि जुने सोडले तरी आज काय आहे? शेजारच्या नंदेसरीच्या कारखान्यांतली आम्ले आणि द्रावणे, आसपासच्या वसाहतींतले रंग आणि औषधांचा कच्चा माल कंटेनरांत भरला जातो, दशरथ गावच्या कंटेनर डेपोतून किंवा थेट रस्त्याने बंदराला जातो. समुद्रात एखादा कंटेनर गळतो तेव्हा त्या गळतीची सुरुवात पुष्कळदा किनाऱ्यापासून दूर, कुठल्या तरी गोदामाच्या आवारात झालेली असते. ड्रम नीट बांधलेले नसतात, आत काय आहे ते कागदावर खरे लिहिलेले नसते. म्हणून हा विषय आमच्या गावाचाही आहे.

‘एक्स-प्रेस पर्ल’ची गोष्ट तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक असेल. तरी ती इथे पुन्हा मांडतो, कारण तिच्यात आपला हजीरा आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये बांधून झालेले कोरे जहाज. मे महिन्यात पश्चिम आशियातून निघाले, १,४८६ कंटेनर घेऊन. त्यांत २५ टन नायट्रिक ॲसिड होते. ११ मेच्या सुमारास एका कंटेनरमधून ॲसिड गळते आहे हे लक्षात आले. जहाज चालवणाऱ्या कंपनीने नंतर जाहीरपणे सांगितले, की कतारमधल्या हमाद आणि भारतातल्या हजीरा या दोन्ही बंदरांत तो एक कंटेनर उतरवून घ्या अशी विनंती केली होती. गळते ॲसिड हाताळायची साधने आणि जाणकार माणसे लगेच उपलब्ध नाहीत, या कारणाने दोन्हीकडे ती नाकारली गेली. जहाज गळका कंटेनर घेऊन पुढे कोलंबोला गेले. २० मेला बंदराबाहेर आग लागली. २ जूनला टग ते खोल पाण्याकडे ओढत असताना मागचा भाग तळाला टेकला. सुमारे १,६८० टन प्लास्टिकचे कच्चे दाणे समुद्रात गेले. अशा दाण्यांची याहून मोठी गळती जगात नोंदलेली नाही. श्रीलंकेतल्या नेगोंबोच्या कोळ्यांच्या होड्या किनाऱ्यावर बसल्या, मेलेली कासवे वाहून येत राहिली. जुलै २०२५ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १ अब्ज डॉलरच्या भरपाईचा आदेश दिला.

त्या दिवशी हजीऱ्याला ड्युटीवर असलेल्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो आणि माझ्याजवळ ॲसिड झेलायची टाकी नाही, पूर्ण अंगाचे संरक्षक कपडे नाहीत, रसायनांचा जाणकार नाही, वरून कोणाचा लेखी आदेश नाही, तर मीही तो कंटेनर धक्क्यावर घेतला नसता. त्या एकट्याला ‘नाही’ हाच सुरक्षित मार्ग होता. पण ती माणसे, ती टाकी आणि तो आदेश आधीपासून तिथे असता, तर एका कंटेनरवर काम भागले असते. बडोद्याहून गाडीने तीन-चार तासांवरची ही जागा आहे. आमच्या भागात नायट्रिक ॲसिड रोज हाताळणारे कारखाने आहेत, त्यांच्याकडे ॲसिड निष्प्रभ करण्याची साधने आहेत, अनुभवी माणसे आहेत. ती बंदराशी जोडलेली नाहीत, एवढेच.

आडोसा का लागतो, हे समुद्रावर न गेलेल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. पेटलेल्या कंटेनर जहाजावर आग आत, खाली, होल्डमध्ये म्हणजे मालाच्या कप्प्यात असते. बाहेरून पाण्याचे फवारे मारून पोलाद थंड ठेवता येते, आग मरत नाही. शिवाय मारलेले पाणी आत साठते आणि जहाज हलले की एका बाजूला धावते. तेवढ्याने जहाज कलंडू शकते. म्हणजे आग विझवणारेच जहाज बुडवतील अशी वेळ येते. साठलेले पाणी उपसायचे तर मोठे पंप चढवावे लागतात, पाणबुडे उतरवून तळाच्या भेगा बघाव्या लागतात, इंधन दुसऱ्या जहाजात काढून घ्यावे लागते, जळके कंटेनर क्रेनने एकेक करून उतरवावे लागतात. तीन-चार मीटरच्या लाटेत यातले काहीही होत नाही. जून ते ऑगस्ट अरबी समुद्रात तर विचारूच नका. दुखावलेले जहाज उघड्या समुद्रात ठेवणे म्हणजे हाड मोडलेल्या माणसाला बैलगाडीतून खडकाळ रस्त्याने फिरवत राहणे. प्रत्येक लाटेला भेग वाढते.

मी स्वतः हे भोगले आहे. बंदराचे नाव लिहीत नाही. आमचे जुने बल्क कॅरिअर, म्हणजे सुटा माल वाहणारे जहाज होते. इंजिन रूममध्ये समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या पाइपाला गंजून भोक पडले आणि त्यामागचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होईना. पावसाळ्याचे दिवस. पाइपाभोवती फळ्यांची पेटी ठोकून तिच्यात लवकर घट्ट होणारे सिमेंट ओतायचे, हा आमचा जुना उपाय. त्याला सिमेंट बॉक्स म्हणतात. तो केला, पण जहाज इतके हेलकावत होते की सिमेंट धरायच्या आधीच तडकत होते. कप्तानाने जवळच्या बंदराकडे आत येण्याची परवानगी मागितली. उत्तर आले, एजंटामार्फत अर्ज करा, विम्याचे हमीपत्र द्या, सोमवारी बघू. आम्ही नांगरावर डोलत राहिलो. पोरे पाळीपाळीने गुडघाभर पाण्यात उभी राहून बिल्जचे, म्हणजे तळाशी साठणाऱ्या पाण्याचे, गाळणे साफ करत होती, कारण ते तुंबले की पंप थांबणार. बिल्ज पंपाचा आवाज बदलला तरी पोटात गोळा यायचा. शेवटी वारा पडला, सिमेंट धरले आणि पुढच्या एका बंदराने आम्हाला आत घेतले. शांत पाण्यात ते दुरुस्तीचे काम अर्ध्या पाळीत झाले. अर्ध्या पाळीच्या कामासाठी बावीस-पंचवीस घरची माणसे टांगणीला लागली होती, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आता अलीकडचे. ९ जून २०२५ रोजी कोलंबोहून न्हावा शेवाकडे येणाऱ्या ‘वान हाय ५०३’ या जहाजावर केरळच्या किनाऱ्याबाहेर स्फोट झाले आणि आग लागली. २२ जणांपैकी १८ वाचले, चौघे बेपत्ता झाले. जहाजात दोन हजार टनांच्या आसपास इंधन होते. ते किनाऱ्याकडे सरकू लागले, तेव्हा नौदलाच्या हेलिकॉप्टरने सॅल्व्हेजच्या, म्हणजे संकटातले जहाज वाचवणाऱ्या, पथकाला धगधगत्या जहाजावर उतरवले आणि टगचा दोर बांधला. त्या माणसांना माझा सलाम. पेटते जहाज पहिल्या दिवसांत किनाऱ्यापासून दूर नेण्याचा निर्णयही मला समजतो. पण त्यानंतर ते जहाज कितीतरी आठवडे भर पावसाळ्यात समुद्रावर ओढले जात राहिले आणि शेवटी गेले कुठे, तर दुबईच्या जबेल अलीला. २०१८ साली अरबी समुद्रात ‘मर्स्क होनाम’ पेटले होते, पाच माणसे गेली. तेही अखेर जबेल अलीलाच नेले होते. तिथे त्याचा जळालेला पुढचा भाग कापून काढला, उरलेले मोठे धूड दुसऱ्या जहाजावर लादून कोरियाला नेले, नवा पुढचा भाग जोडला आणि ते जहाज नव्या नावाने पुन्हा चालू लागले. मी इंजिनिअर आहे, मला अशा दुरुस्तीचा अभिमान वाटतो. पण त्या दुरुस्तीची पहिली अट होती ती कोणीतरी आत घेण्याची. अरबी समुद्राच्या पूर्वेचा सगळा किनारा आपला आणि जळके जहाज घेणारे बंदर पलीकडच्या बाजूला, हे मला बरे वाटत नाही.

आपली बाजू ताणायची म्हणून प्रत्येक अपघात यात ओढणार नाही. मे २०२५ मध्ये कोचीबाहेर ‘एमएससी एल्सा ३’ कलंडले आणि दुसऱ्या दिवशी ६४० कंटेनरांसह बुडाले. तिथे बॅलास्टच्या, म्हणजे तोल राखायला घेतलेल्या पाण्याच्या, व्यवस्थेतील बिघाड हे प्राथमिक कारण सांगितले गेले, आणि वेळ इतका थोडा होता की आडोशाची जागा ठरलेली असती तरी ते तिथवर पोहोचले असते असे मला वाटत नाही. २४ च्या २४ माणसे वाचली, हेच त्या घटनेतले मोठे यश.

नकाराचा परिणाम काय होतो, ते स्पेनने २००२ साली पाहिले. ‘प्रेस्टीज’ हे ७७ हजार टन जड तेल घेऊन निघालेले टँकर स्पेनच्या गॅलिसिया किनाऱ्याजवळ तडकले. कप्तान आसरा मागत होता. त्याला दूर जा असे सांगितले गेले. सहा दिवस ते वादळात ओढले गेले, मग दोन तुकडे झाले आणि ६० हजार टनांहून अधिक तेल स्पेन, पोर्तुगाल, फ्रान्सच्या किनाऱ्यांवर पसरले. एका खाडीला वाचवायला गेले आणि हजारो किलोमीटर किनारा काळा झाला. कप्तानाला मात्र तुरुंगात टाकले. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने आसऱ्याच्या जागांबद्दलची मार्गदर्शक सूत्रे काढली. २०२३ मध्ये ती नव्याने लिहिली गेली. १९८९ च्या सॅल्व्हेज कराराच्या अकराव्या कलमातही संकटातल्या जहाजाला बंदरात घेताना सहकार्याची गरज लक्षात घ्या, असे म्हटले आहे आणि भारत त्या करारात आहे. सूत्रे आहेत, कलमे आहेत. त्यांच्या आधाराने रात्री फोन उचलणारा माणूस हवा आहे.

इंग्लंडने असा माणूस नेमला. १९९६ मध्ये ‘सी एम्प्रेस’ टँकर वेल्सच्या मिलफर्ड हेवनच्या तोंडाशी खडकावर चढले आणि ७२ हजार टन तेल गेले. तिथे निर्णय घेणारे पुष्कळ होते आणि जबाबदार कोणीच नव्हता. त्यानंतर लॉर्ड डोनाल्डसन यांच्या शिफारशीवरून सरकारचा एक सॅल्व्हेज प्रतिनिधी नेमला गेला. जहाज कुठे न्यायचे हे तो ठरवतो, आणि काम चालू असताना मंत्र्यानेही त्यात हात घालायचा नाही. पटत नसेल तर त्याला काढून टाका, पण मध्ये बोलू नका, असा तो नियम आहे. २००७ च्या जानेवारीत ‘एमएससी नेपोली’ या मोठ्या कंटेनर जहाजाच्या अंगाला तडे गेले. टग ते बंदराकडे नेत होते, पण ते पोहोचणार नाही असे दिसल्यावर या अधिकाऱ्याने ते लाइम बेच्या आडोशात, ब्रॅन्सकमच्या किनाऱ्याजवळ, मुद्दाम वाळूत चढवले. स्थानिक लोक संतापले, काही कंटेनर किनाऱ्याला लागले, लोकांनी माल पळवला, बातम्या झाल्या. पण बहुतेक इंधन उपसून काढता आले, उरलेले कंटेनर उतरवता आले आणि जहाजाचे तुकडे करून ते हलवता आले. खोल समुद्रात ते मोडले असते तर यातले काही हाती लागले नसते.

याला पैशाचीही बाजू आहे. सॅल्व्हेजचा जुना करार ‘नो क्युअर, नो पे’ या तत्त्वावर चालतो. जहाज आणि माल वाचला तर त्या वाचलेल्या किमतीतून मोबदला, नाही वाचला तर नाही. प्रदूषण टाळल्याबद्दलचे वेगळे पैसे नंतर जोडले गेले, पण मूळ हिशेब तोच आहे. ज्या किनाऱ्यावर कुठलेच बंदर आत घेईल याची खात्री नाही, तिथे कोणती कंपनी महागडे टग आणि पाणबुडे आधीपासून तैनात ठेवेल?

आता आपल्या गुजरातकडे येतो, कारण इथला किनारा सोपा नाही. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक भावनगरकडे दहा मीटरच्या वर जातो आणि प्रवाह इतका जोरकस असतो की निरोगी जहाजालाही जपून यावे लागते. पाण्यात खोल बसलेले, लंगडे जहाज दहेजकडे आणणे धोक्याचे. कच्छचे आखात खोल आहे, पण तिथे १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, प्रवाळ आहेत, तिवरांची जंगले आहेत आणि जवळच कच्च्या तेलाचे टँकर बांधायच्या मुरिंगा. पिपावावला शियाळ बेटाचा आडोसा आहे, पण त्या पट्ट्यात जाफराबादचे कोळी मासेमारी करतात. प्रत्येक जागेला आक्षेप आहे, आणि प्रत्येक आक्षेप खरा आहे. म्हणूनच ही निवड शांतपणे, आधी, नकाशा समोर ठेवून व्हायला हवी. कुठे किती खोली, तळ वाळूचा की खडकाचा, कुठल्या महिन्यात कुठला वारा, कुठे तेल काढून घ्यायला दुसरे जहाज लावता येईल, कुठे अजिबात नाही. आग लागलेली असताना हे ठरवायला बसलो तर उत्तर नेहमी ‘दुसरीकडे न्या’ हेच येईल. आणि ते दुसरीकडे म्हणजे कोणाच्या तरी कोळीवाड्यासमोरच असते.

एक गोष्ट मला खटकते ती इथेच बोलतो. १९८३ पासून अलंगच्या वाळूवर जगभरची आयुष्य संपलेली जहाजे आपण भरतीच्या पाण्यावर चढवून घेतो. त्यासाठी परवानग्या आहेत, तपासण्या आहेत, कोण ‘हो’ म्हणणार ते ठरलेले आहे. मोडायला आलेल्या जहाजाचा रस्ता इतका स्वच्छ आणि वाचू शकणाऱ्या जहाजाचा इतका धूसर, हे बदलायला हवे.

वेळही योग्य आहे. २०२५ मध्ये संसदेने नवा मर्चंट शिपिंग कायदा आणि नवा भारतीय बंदर कायदा, दोन्ही मंजूर केले. कायद्याची अंमलबजावणी नियमांतून होते. माझी विनंती अशी, की त्या नियमांत एक पद नावासकट लिहा, ज्याला केंद्राच्या आणि राज्याच्या दोन्ही प्रकारच्या बंदरांवर संकटाच्या काळात आदेश देता येईल, आणि ज्याने चांगल्या हेतूने, नोंद ठेवून घेतलेल्या निर्णयाबद्दल त्याला नंतर एकटे पाडले जाणार नाही. खासगी बंदर चालवणाऱ्याला नुकसान झाले तर त्याची भरपाई आधी कोण देईल आणि मग ती जहाजमालकाच्या विम्याकडून कोण वसूल करेल, हेही तिथेच लिहा. नकारामागे बहुतेक वेळा हीच भीती असते. कोळ्यांची बुडालेली मजुरी त्याच हिशेबात पहिल्या दिवसापासून धरा. त्यांना न्यायालयाच्या निकालापर्यंत थांबवू नका.

मेरीटाईम बोर्डाकडे वेगळे मागणे आहे. धोकादायक माल हाताळणाऱ्या प्रत्येक टर्मिनलवर गळका कंटेनर उतरवून ठेवायची बांधीव, कड असलेली जागा असावी, खाली साठवण टाकी असावी आणि बडोदे, भरूच, सुरत पट्ट्यातल्या रसायन कारखान्यांच्या आपत्कालीन पथकांशी लेखी करार असावा. या पथकांना रस्ता माहीत आहे, रसायन माहीत आहे. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर, त्यांना धक्क्यावर बोलवून खऱ्या क्रेनने खरा कंटेनर उतरवून बघा. टेबलावर बसून केलेला सराव पुरत नाही, हे आगीशी झगडलेला कुठलाही खलाशी सांगेल.

आमच्या बडोद्यात निवृत्त कप्तान आणि इंजिनिअर बरेच आहेत; मराठी, गुजराती, मल्याळी, सगळे. नकाशे वाचायला, जागांची पाहणी करायला, सरावात चुका दाखवायला आम्ही आपल्या खर्चाने येऊ. मानधन नको, पत्र आले की निघू. या पत्राला पोच नको, तारीख हवी: आसऱ्याच्या जागांची पाहणी कधी सुरू होणार आणि तो अधिकारी कोण असणार. पुढचा नैर्ऋत्य मोसमी पाऊस किनाऱ्याला लागण्याआधीची तारीख असेल तर उत्तम.

आपला नम्र,
एक निवृत्त चीफ इंजिनिअर
दांडिया बाजार, बडोदे